अनुभव धागा: आभार की बांधिलकी? इंग्रजीतल्या ‘ऑब्लाइज्ड’चा गोतावळा

इंग्रजीत आभार मानायचे आणि बांधून घ्यायचे बरेचसे शब्द एकाच घरातले आहेत. त्यामुळे पत्रात, करारात, भाषांतरात गफलती होतात. शिकवणारे, भाषांतर करणारे, मसुदे तपासणारे इथे बरेच आहेत. नेमकं कुठे अडतं, का अडतं आणि उपाय काय, तेवढं लिहा. पाठ्यपुस्तकातल्या याद्या नकोत.

अर्धविराम
‘ऑब्लाइज्ड टू’नंतर काय येतं ते आधी बघायचं. माणूस आला तर आभार, क्रियापद आलं तर सक्ती. ‘आय ॲम ऑब्लाइज्ड टू यू फॉर युवर हेल्प’ म्हणजे तुमच्या मदतीबद्दल आभारी आहे. ‘आय ॲम ऑब्लाइज्ड टू हेल्प यू’ म्हणजे मदत करणं मला भाग आहे, आणि वाचणाऱ्याला त्यात ‘नाइलाज’ ऐकू येतो. मदत करायची तयारी दाखवायची असेल तर हे वाक्य चुकूनही लिहू नका, ‘ग्लॅड टू हेल्प’ पुरे.

मूळ लॅटिन ‘लिगारे’, म्हणजे बांधणे. हाडांना जोडून ठेवणारं ‘लिगामेंट’ त्याच कुळातलं. पोर्तुगीजमध्ये तर रोजचा आभाराचा शब्दच हा आहे: पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’.

‘मच ऑब्लाइज्ड’ आज जुनाट किंवा गमतीचं वाटतं. इंग्लंडच्या कोर्टात मात्र बॅरिस्टर न्यायाधीशांचे आभार मानताना ‘आय ॲम ऑब्लाइज्ड’ अजून म्हणतात. ‘ऑब्लिगेटेड’ हा अमेरिकेत जास्त चालणारा भाऊ. तो फक्त बांधिलकीचा. आभाराच्या पत्रात तो घातला की दडपण आल्यासारखं वाटतं.

जुनी दौत
‘इन्डेटेड’ आणि ‘बिहोल्डन’ या दोघांना शब्दकोशात ‘ऋणी’ असा एकच अर्थ दिलेला सापडतो, आणि तिथेच घोळ होतो. ‘इन्डेटेड’ सन्मानाचा आहे. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात, मार्गदर्शकांबद्दल लिहिताना तो शोभतो. ‘बिहोल्डन’ म्हणजे मिंधा. ‘आय डोन्ट वॉन्ट टू बी बिहोल्डन टू एनीवन’ याचं ‘मला कोणाचं ऋणी व्हायचं नाही’ हे भाषांतर उद्धट होतं. ‘कोणाचं मिंधं राहायचं नाही’ हे बरोबर.

उच्चाराचं एक: ‘डेट’ (कर्ज) आणि ‘इन्डेटेड’ यांतला बी मुका. इंग्रजीत शब्द फ्रेंचमधून बी शिवायच आला होता. लॅटिन ‘डेबिटुम’शी नातं दिसावं म्हणून पंडितांनी तो नंतर लिहिण्यात घुसवला. आणखी एक सावधगिरी: ‘इन डेट’ असं तोडून लिहिलंत तर ते पैशाचं कर्ज होतं.

पोटकलम
नियम आणि करार भाषांतरणाऱ्यांसाठी. आपलं ‘करावे’ फार ऐसपैस आहे, सल्लाही तेच आणि हुकूमही तेच. म्हणून आधी ठरवा: ‘मस्ट’ला ‘केलेच पाहिजे’ किंवा ‘करणे बंधनकारक’, ‘शुड’ला ‘करावे’, ‘मे’ला ‘करता येईल’. एकदा ठरलं की शेवटच्या पानापर्यंत बदलायचं नाही. मध्येच शब्द फिरवला की वाचणारा अर्थही फिरला असं धरतो.

खरा त्रास ‘शॅल’चा. हुकूम, भविष्यकाळ, नुसती घोषणा, सगळीकडे तो वापरला जातो. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा 2007 साली सुधारली तेव्हा ‘शॅल’ काढून जागेप्रमाणे ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ घातले. पण नियम 56 मध्ये 2010 साली ‘शॅल’ परत आणावा लागला, कारण बदललेल्या शब्दाने अर्थ सरकण्याची भीती होती. तेव्हा जुन्या दस्तऐवजातला ‘शॅल’ डोळे झाकून बदलू नका.

सहीशिक्का
वरच्याला जोड. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न 1997 सालीच सोडवला. आरएफसी 2119 या टिपणात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांच्या व्याख्याच दिल्या आहेत. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तरच आणि परिणाम समजून घेऊनच सोडता येईल असं. 2017 च्या आरएफसी 8174 ने खुलासा केला की हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच तो खास अर्थ. कुठलीही नियमावली लिहिताना पहिल्या पानावर असा परिच्छेद टाकला तर पुढची निम्मी भांडणं वाचतात.

फळा-खडू
शिकवताना हमखास अडणाऱ्या दोन जागा.

‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे गरज नाही. ‘यू मस्ट नॉट पे’: पैसे भरायचे नाहीत. ‘यू डोन्ट हॅव टू पे’: भरावे लागत नाहीत, भरलेत तरी हरकत नाही. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ सारखे असल्यामुळे नकारातही तसेच असतील असं मुलं धरून चालतात.

दुसरी, भूतकाळ. सक्तीच्या ‘मस्ट’ला भूतकाळ नाही, तिथे ‘हॅड टू’. ‘ही मस्ट हॅव पेड’ म्हणजे त्याने भरले असणार, हा अंदाज झाला. ‘भरावे लागले’ हवं असेल तर ‘ही हॅड टू पे’.

जाता जाता: ‘ऑट’ हा मुळात ‘ओ’ म्हणजे देणं लागणे याचाच भूतकाळ. त्यामुळे ‘ऑट टू’मधलं कर्तव्य हे कुणाचं तरी देणं असल्यासारखं वाटतं, ते उगाच नाही.

टपालहशील
विनंतीच्या पत्रांत सगळ्यात जास्त चुकणारं वाक्य: ‘आय वुड ॲप्रिशिएट इफ यू…’. ‘ॲप्रिशिएट’ला कर्म लागतं, म्हणून ‘ॲप्रिशिएट इट इफ’. ‘ग्रेटफुल’ला ते लागत नाही: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड…’.

‘थँक्स इन ॲडव्हान्स’ टाळा. काम होणारच असं गृहीत धरल्यासारखं वाटतं. काम झाल्यावर वेगळं पत्र पाठवा, दोन-तीन ओळी पुरतात: काय केलंत ते नेमकं, त्याने आमचं काय सुकर झालं, बस. त्याच पत्रात पुढची विनंती चिकटवली की आभार आमिष वाटू लागतात.

‘ग्रेटफुल’ माणसाबद्दल, ‘थँकफुल’ बहुधा सुटकेबद्दल (गाडी चुकली नाही, पाऊस थांबला). ‘ग्रॅटिफाइड’ म्हणजे समाधान पावलेला, आभारी नव्हे. आणि ‘ग्रेटफुल’च्या स्पेलिंगमध्ये मोठेपणाचा ‘ग्रेट’ नाही, जी-आर-ए-टी-ई आहे.

अर्धविराम
‘आय विल थँक यू टू कीप युवर व्हॉइस डाउन’ हे आभार नव्हेत, दटावणी आहे. मालिकांची उपशीर्षकं करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पोटकलम
भरपाईच्या पत्रांबद्दल राहिलं. ‘एक्स ग्रेशिया’ रक्कम म्हणजे कायद्याचं बंधन न मानता, सद्भावनेने दिलेली. तिथे ‘वी आर ऑब्लाइज्ड टू पे’ किंवा ‘ड्यू टू यू’ असे शब्द आले तर पत्र स्वतःच्याच विरुद्ध जातं: वर म्हणायचं जबाबदारी नाही, खाली म्हणायचं देणं लागतो. ‘वी आर प्रिपेअर्ड टू पे’ लिहा, शेजारी ‘विदाउट ॲडमिशन ऑफ लायबिलिटी’ ठेवा, आणि मराठी प्रतीत ‘देय रक्कम’ न लिहिता ‘सानुग्रह रक्कम’ लिहा.