मदत हवी आहे: अमळनेरच्या जुन्या गल्लीत नवीन घर कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. अमळनेरच्या जुन्या गावात आमचं आजोबांच्या काळातलं धाब्याचं घर आहे. सागवानी खांब अजून ठणठणीत आहेत, पण पांढऱ्या मातीचं छत दर पावसाळ्यात गळतं आणि मागची भिंत फुगली आहे. तिथेच आम्हा भावंडांसाठी तीन बिऱ्हाडांचं घर बांधायचं ठरतंय.

इंजिनिअर म्हणतात, सगळं पाडा, खाली पार्किंग ठेवा आणि वर स्लॅब चढवा. मला ते पटत नाही. आमच्या गल्लीत ओट्याला ओटा लागलेला आहे, संध्याकाळी सगळी बायामाणसं तिथेच बसतात. मधेच पार्किंगचं शटर आलं तर ती ओळच तुटेल. शिवाय मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारी घर गार राहतं, नुसत्या स्लॅबखाली ते जमणार नाही.

मुख्य काळजी सामाईक भिंतीची. शेजाऱ्यांचंही घर मातीचंच आहे. आरसीसीचा पाया खोदताना त्यांच्या भिंतीला धक्का लागू नये म्हणून कोणी टप्प्याटप्प्याने खोदून काम केलंय का? २०२० च्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत. त्यात ओटा रस्त्याच्या कडेला तसाच ठेवता येतो का? जुनं सागवान नव्या घरात खांब-तुळया म्हणून वापरलेलं कोणी पाहिलंय का?

धुळे-जळगावकडचा असं काम केलेला आर्किटेक्ट किंवा जुना मिस्त्री माहीत असेल तर कृपया सांगा. पाडकाम दिवाळीनंतर सुरू करायचंय.