मदत हवी आहे: ऑलिव्ह तेल खरंच पुलियाचं आहे का? समस्थानिकांचे आकडे जुळत नाहीत

कोरातिना_लॅब
तातडीने हवं आहे. दक्षिण इटलीतल्या पुलियाचं म्हणून आलेलं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल. डेल्टा-ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजनचं प्रमाण, दर हजारी) सलग तीनदा मोजला: २४.६, २५.९, २६.४. आमच्याकडच्या पुलियाच्या नमुन्यांची सरासरी २४.२. आकडा जास्त येतोय, तर माल ट्युनिशियाचा आहे असं लिहून देता येईल का? आम्लता ०.३, पेरॉक्साइड ७, के-२७० (अतिनील प्रकाशाचं शोषण) ०.१४, सगळं मर्यादेत आहे. शुक्रवारी अहवाल द्यायचाय.

घाणेवाला
फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांत गोठलं तर अस्सल.

मास_स्पेक
घाणेवाला, गोठणं मेणावर आणि संपृक्त मेदाम्लांवर अवलंबून असतं. ट्युनिशियाच्या शेमलाली जातीच्या तेलात पामिटिक (एक संपृक्त मेदाम्ल) भरपूर, ते तर आधी गोठेल. कृपया ही चाचणी कुणाला सुचवू नका.

कोरातिना, आम्लता-पेरॉक्साइड प्रत सांगतात, गाव सांगत नाहीत. आधी हे सांगा: तेल कोणत्या हंगामाचं? तुलनेचे नमुने कधीचे? प्रमाणद्रव्य, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला तुलनेचा पदार्थ, कोणतं? एकाच तेलात १.८ चा फरक येतोय, हे मला जास्त खटकतंय.

कोरातिना_लॅब
तेल २०२४ चं, नमुने २०२२ चे, एकूण १४. प्रमाणद्रव्य पाणी, नेहमीचंच. हंगामाचा काय संबंध?

मास_स्पेक
सगळा संबंध तिथेच आहे. फळातल्या तेलाचा ऑक्सिजन त्या वर्षीचा पाऊस, उष्णता आणि बाष्पीभवन यांवर ठरतो. कोरड्या, तापलेल्या वर्षी पुलियाचा आकडाही वर सरकतो. २०२२ च्या नमुन्यांवरून २०२४ चं तेल ट्युनिशियाचं ठरवू नका.

आता मोजणी. तुमचे आकडे क्रमाने चढतायत. आधी पाणी चालवलं होतं ना? त्याचा आकडा खूप खालचा, त्याचा अंश उपकरणाच्या भट्टीत राहतो आणि पुढची वाचनं खाली ओढतो. प्रत्येक तेलाच्या पाच कुप्या लावा, पहिल्या दोन सोडून द्या. पाण्याऐवजी तेलाचीच प्रमाणद्रव्यं घ्या: सिसिलीच्या ऑलिव्हचं यूएसजीएस-८४ आणि व्हिएतनामच्या शेंगदाण्याचं यूएसजीएस-८६. नमुना आणि प्रमाणद्रव्य एकाच वाटेने भट्टीत गेले पाहिजेत.

कुपी चांदीची, तेल ०.३ मिग्रॅ. तोंड दुमडताना तेल काठावर चढतं आणि शेजारच्या कुपीला लागतं. बंद कुपी टिश्यूवर लोळवा. डाग उमटला तर टाकून द्या.

टर्पीन
एवढा खटाटोप कशाला? सेस्क्विटर्पीनचा (तेलातल्या बाष्पशील संयुगांचा) ठसा घ्या. तेल ७० अंशांवर, वरच्या वाफेत फायबर (संयुगं शोषून घेणारा धागा), मग जीसी-एमएस (संयुगं वेगळी करून त्यांचे आयन मोजणारं यंत्र). ९३, ११९, १५७, १५९, १६१, १८९, २०४ या आयनांचा अख्खा आलेख घ्यायचा. शिखरं एकेक ओळखत बसायची नाहीत.

मास_स्पेक
त्यालाही त्याच प्रदेशातले, त्याच जातींचे खात्रीचे नमुने लागतातच. शिवाय फायबर जुना झाला की आलेख सरकतो.

टर्पीन
सरकतो, पण जुळवून घेता येतो. पाऊस जुळवून घेता येत नाही.

बारीवासी
दोघांनीही जात विचारली नाही. कोरातिना ही पुलियाची जात असेल तर ओलिक मेदाम्ल ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर येतं. शेमलालीत ते खूप खाली आणि पामिटिक २० च्या जवळ. मेदाम्लं आजच करा: ०.१ ग्रॅम तेल, २ मिली हेप्टेन, ०.२ मिली दोन नॉर्मल मेथॅनॉली पोटॅश, अर्धा मिनिट जोरात हलवा, वरचा थर जीसीत. पामिटिक १७-१८ आलं तर कोरातिनाचा दावा तिथेच पडतो. मात्र ओलिक ७५ आलं म्हणून पुलिया सिद्ध होत नाही, कारण जात कुठेही लावता येते.

दक्षिण पुलियात, सालेंतोत, झायलेला रोगाने जुनी झाडं गेली. २०१३ नंतर तिथे लेच्चीनो आणि एफएस-१७ या ऑलिव्हच्या जाती लावताहेत. त्यामुळे जुनी मेदाम्लांची कोष्टकं तिथल्या तेलाला लावू नका.

देवगडकर
अवांतर: देवगड हापूस म्हणून कर्नाटकचा आंबा विकतात, त्याला हे चालेल का? भौगोलिक मानांकन २०१८ पासून आहे.

मास_स्पेक
तत्त्व तेच. पण दर हंगामाला बागेतून स्वतः उचललेली फळं हवीत, नाहीतर तुलना कशाशी करणार? वेगळा धागा काढा.

कोरातिना_लॅब
पाच कुप्यांपैकी दोनवर डाग होता. उरलेल्या तिन्ही २६.३ ते २६.६. ओलिक ७६.१, पामिटिक ११.२. जात कोरातिना सांगितलीय. २० टक्के भेसळ असली तर दिसेल?

मास_स्पेक
नाही. दोन प्रदेशांत २ चा फरक धरला तर २० टक्क्यांनी सरासरी ०.४ सरकते. तेवढी तर मोजणीचीच चूक असते.

अहवालात "ट्युनिशियाचं" हा शब्द नको. "मेदाम्लं सांगितलेल्या जातीशी सुसंगत, समस्थानिकांवरून निर्णय नाही, त्याच हंगामाचे संदर्भ नमुने हवेत" एवढंच लिहा. २०२४ चं तेल त्याच पट्ट्यातल्या गिरण्यांतून थेट मागवा, दुकानातून नको.

बारीवासी
आणि बाटलीवरचा मजकूर इथे टाका. "इटली" असेल तर फळ आणि गाळप दोन्ही इटलीत हवं. फळ दुसऱ्या देशातलं असेल तर तसं छापणं युरोपीय नियमाने बंधनकारक आहे. तो कागद तपासला का?

कोरातिना_लॅब
नाही तपासला. मागवतो.