रोज घालायला एकच घड्याळ: ऑटोमॅटिक की क्वार्ट्झ? मदत हवी आहे
मंडळी, रोज घालता येईल आणि वीसेक वर्षं टिकेल असं एकच घड्याळ घ्यायचंय. सध्याच्या घड्याळाच्या काचेवर सहाच्या आकड्याजवळ इतके चरे पडलेत की उन्हात काटाच दिसत नाही. त्यामुळे या वेळी सहसा चरे न पडणारी सफायर काच नक्की. मनगट बारीक आहे, डायल ३८ मिमीच्या आत हवी.

अडलंय ते मशीनवर. साधं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, महिन्याला फार तर १५-२० सेकंद चुकतं, सेल बदलला की झालं. ऑटोमॅटिकला हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसते, त्यामुळे ते दोन-तीन दिवस काढून ठेवलं की बंद पडतं, शिवाय काही वर्षांनी उघडून साफसफाई, तेल करावं लागतं. तरी त्याचा अलगद सरकणारा सेकंदकाटा पाहिला की मन तिकडेच ओढ घेतं.

ज्यांनी ऑटोमॅटिक दहा-पंधरा वर्षं रोज वापरलंय, त्यांनी कृपया सांगा: सर्व्हिसिंगचा त्रास किती होतो? जुन्या मॉडेलचे पार्ट मिळतात का?