बिनसाखरेचा मसाला चहा अण्णांना आवडेल असा कसा करू?

इंदिरानगरची वहिनी:
आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात, साखर थांबवा. अण्णा दिवसाला ४ कप चहा घेतात, कपाला २ चमचे साखर. म्हणजे नुसत्या चहातून ३५ ग्रॅमच्या आसपास! निफाडला असताना पहाटेच्या थंडीत द्राक्षबागेला पाणी द्यायला जायचे, तेव्हापासूनची सवय. परवा बिनसाखरेचा करून दिला. दोन घोट घेतले नि कप खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत, तेच मला जास्त लागलं. गूळ घातला तर दूध फाटलं. गोडव्याच्या गोळ्या नको म्हणतात, चव जिभेवर राहते. मी पाणी, दूध, पावडर, आलं, विकतचा चहा मसाला एकदमच टाकून दहा मिनिटं उकळते. कुठे चुकतंय?

पंचवटीकर:
वहिनी, गुळाच्या मागे लागू नका. गूळ झाला तरी साखरच ती, रक्तातली साखर वाढवणारच. मधाचंही तेच. मी जेष्ठमधाची काडी उकळतो, छान गोडी येते.

गंगापूर रोडची मावशी:
जेष्ठमध बीपी असणाऱ्यांनी रोज घेऊ नये. त्यानं अंगात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतो. अण्णांना बीपीची गोळी असेल तर नकोच.

वहिनी, तुझा चहा कडू होतोय गं, म्हणून त्याला साखर लागते. पावडर दहा मिनिटं उकळली की तुरटपणा सगळा उतरतो. आधी कडवटपणा काढ, गोडाचं नंतर बघू. दोन कपांना एक कप पाणी घे. त्यात किसलेलं आलं, सालासकट ठेचलेल्या २ वेलच्या, अर्धा चमचा बडीशेप, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि गवती चहाची ३-४ पाती घालून पाच मिनिटं चांगलं उकळू दे. आलं आधी पाण्यात उकळलं की दूध फाटत नाही, कच्चं आलं दुधात गेलं की फाटायची भीती असते. मग गॅस बारीक करून एक सपाट चमचा पावडर, दोन मिनिटं, बास. वरून एक कप गरम दूध, एक उकळी, लगेच गाळ.

बडीशेप विसरू नकोस. तिला स्वतःची गोडसर चव आहे, साखर नसल्याचं ती बरंच झाकते. विकतच्या मसाल्यात सुंठ-मिरी जास्त असली तर घसा तिखट होतो आणि गोड हवंसं वाटतं, म्हणून तो मी घालत नाही. आणि साखर एका दिवसात तोडू नकोस. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी कर, जिभेला कळत नाही.

सिडकोवाला:
चहाबरोबर टोस्ट-बिस्किटं असतील तर तीही मोजा, त्यांतही साखर-मैदा असतो. दुधातही थोडी साखर असतेच, त्यामुळे ४ चे २ कप झाले तर उत्तम. चहा जेवणानंतर लगेच नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

इंदिरानगरची वहिनी:
पाच आठवड्यांनी लिहितेय. अण्णांना बीपीची गोळी आहे, त्यामुळे जेष्ठमध आणलाच नाही. मावशी, तुमच्याच पद्धतीनं करते. बडीशेप रविवार कारंजावरून आणली, गवती चहा गच्चीतल्या कुंडीत लावलाय. तिसऱ्या आठवड्यात अर्धा चमचा उरला तेव्हा अण्णा दोन दिवस कुरकुरले. मी वेलची एक वाढवली, मग गप्प झाले. आता साखर शून्य. कप ४ चे ३ झालेत, दुपारचा तेवढा सुटत नाही. पुढच्या महिन्यात रक्त तपासायचंय. आज सकाळी कप हातात घेतला नि विचारलं, "आज बडीशेप कमी पडली का गं?"

खरंच कमी पडली होती. डबा संपलाय.