रात्री दोन वाजता घेतलेली सही

दारव्ह्याची लेक
गेल्या पावसाळ्यात माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात झालं. संध्याकाळी भरती केली तेव्हा गर्भाशयाचं तोंड दोन बोटं उघडलेलं, बाळाचे ठोके चांगले. नऊ वाजता कळा वाढवायची सलाईन लागली. कशासाठी, ते कुणी बोललं नाही. रात्री दोनला दादासमोर फॉर्म आला: "बाळ सुकून राहिलं, सही करा." दादाने न वाचता सही केली. तिथं कोण वाचत बसेल? वहिनी शुद्धीत होती, बोलत होती, तिला कुणी विचारलं नाही.

बाळ सुखरूप आहे. सिझर खरंच लागलंही असेल. पण ते का झालं हे आमच्या घरात आजही कुणाला माहीत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खाजगी दवाखान्यांतली शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरची निघाली, सरकारीतली १४. एवढ्या बायांना कारण कळलं असेल का?

घाटावरचा
ताई, तुमच्या गावात सिझर होते म्हणून तुमी हे विचारू शकता. मी मेळघाटातल्या धारणीकडचा. माझ्या बहिणीले बाळंत झाल्यावर अंगावरून एवढं गेलं, की गाडी घाट उतरून परतवाड्याले पोचेपर्यंत ती गार पडली होती. अमरावती लांबच राहिली. निवड कशातून करायची आम्ही? कुणी सुई घेऊन उभं राहिलं असतं, तर मी कोऱ्या कागदावर सही दिली असती. अशा गोष्टी वाचून बाया दवाखान्यालेच भिऊन राहिल्या, ते मी डोळ्यानं पाहतो.

ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर
घाटावरच्या दादांशी मी सहमत आहे. बाळाचे ठोके ११० च्या खाली जाऊन तिथंच थांबले, तर माझ्या हातात मिनिटं असतात. त्या वेळी सगळे धोके वाचून दाखवले की सासू नको म्हणते, मामा तिसऱ्याच डॉक्टरला फोन लावतो. अशी वाट पाहण्यात बाळ गेलेलं मी पाहिलं आहे. सर्वेक्षणातला आकडा खरा आहे, पण कुणाला लागलं आणि कुणाला नाही ते त्यातून दिसत नाही. वहिनींना लागलं नव्हतं, असं त्यावरून ठरवू नका.

दारव्ह्याची लेक
घाटावरचे दादा, तुमच्या बहिणीचं वाचून हात थांबला. तिला उपचार मिळालेच नाहीत, आणि वहिनीला मिळाले ते न सांगता. दोघींचंही कुणी ऐकलं नाही.

डॉक्टरसाहेब, दोन वाजता समजावा असं मी म्हणतच नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी होते. वहिनी तिथं दोनदा गेली. वजन झालं, रक्त झालं, गोळ्या मिळाल्या. सलाईन कधी लावतात, सिझर कशासाठी करतात, यातलं एक वाक्य नाही. आठव्या महिन्यात दहा मिनिटं दिली असती, तर दोन वाजता दोन शब्दांत भागलं असतं.

निवृत्त नर्सबाई
तीस वर्षं उपकेंद्रात काढली, म्हणून बोलते. दोन बोटं म्हणजे कळा अजून सुरुवातीच्या. पहिलटकरणीला इथं तासन् तास लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं, की पाच सेंटिमीटरपर्यंत तोंड हळू उघडू शकतं; आई-बाळ ठीक असतील तर घाई करायची नाही. बाळ बाहेर यायची वाट मोठी करायला काप घेतात, त्याचंही तेच, सरसकट घ्यायचा नाही. आम्ही मात्र पहिलटकरीण दिसली की कात्री उचलायचो. कुणाला विचारल्याचं आठवत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

कळांच्या सलाईनने कळा फार जोरात आल्या, तर बाळाचे ठोके उतरू शकतात. म्हणून ती लावल्यावर ठोके सारखे ऐकावे लागतात. वहिनीचं तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि पुढच्या खेपेला साधं बाळंतपण होईल का, हे पहिलं सिझर कशामुळे झालं त्यावर बरंच अवलंबून असतं. केसपेपरची प्रत मागा. मागितल्यावर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांना नियम आहे.

ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर
प्रत जरूर मागा. ९ तारखेचं मात्र सांगतो: एका सकाळी माझ्यासमोर साठ-सत्तर बाया असतात. दहा मिनिटं कुठून आणू?

घाटावरचा
आशाताईले शिकवा न मग. ती घरी येते, आमच्या बोलीत बोलते. तिनं सांगितलेलं माह्या मायले पटते. पण आधी घाटावर रक्त ठेवा, सिझर करणारा माणूस ठेवा.

दारव्ह्याची लेक
हे दोन्ही मागू. सोमवारी केसपेपर मागायला वहिनी स्वतः जाते आहे. अर्जावर सही तिची.