सांक्ट गालेनचं अस्वल आणि रागावलेले गुरू

हिंडफिरी:
परवा आईबाबांना झुरिकहून सांक्ट गालेनला नेलं. मठाच्या ग्रंथालयात बुटांवर चढवायला जाड सपाता देतात. बाबा लाकडी फरशीवर घसरगुंडी खेळल्यासारखे फिरत होते. शहराच्या चिन्हावर अस्वल आहे. गालुस नावाच्या साधूला त्याने लाकडं आणून दिली, साधूने त्याला भाकरी दिली, ही गोष्ट कळली. पण गाईड जाता जाता म्हणाली, की गुरूंनी गालुसला पूजा करायला बंदी केली होती. का बुवा?

जुनीवही:
गुरू म्हणजे कोलुम्बानुस. आयर्लंडच्या बँगोर मठातून इ.स. ५९० च्या सुमारास बारा साथीदार घेऊन निघाले, आजच्या फ्रान्समधल्या लक्सुईला मठ काढला. माणूस भारी कडक. तिथल्या थिओडेरिक राजाच्या अनौरस मुलांना आशीर्वाद द्यायला साफ नकार दिला आणि ६१० मध्ये हद्दपार झाले. मग आजच्या ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झला, तळ्याकाठी. तिथे गालुस जाळी विणायचा, मासे धरायचा. शिवाय लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा तोच.

६१२ मध्ये आश्रय देणारा राजा लढाई हरला. गुरू इटलीकडे निघाले, नेमका तेव्हाच गालुस तापाने फणफणला. गुरूंना वाटलं, सोंग करतोय, इथे जीव रमलाय याचा. म्हणाले, राहा, पण मी जिवंत आहे तोवर वेदीपाशी उभं राहायचं नाही. सत्तरीच्या आसपासचा म्हातारा आल्प्स ओलांडून बोब्बिओला गेला. (मला तर त्यांना गालुसशिवाय जाणं जड गेलं असणार असंच वाटतं.)

वसईकर:
'पूजा' नव्हे हो, मिस्सा, म्हणजे चर्चमध्ये फादर वेदीपाशी करतात ती मुख्य उपासना. आमच्याकडे फादरना मिस्सा अर्पण करायला मनाई झाली तर गावभर कुजबुज होईल. याने खरंच पाळलं?

जुनीवही:
पाळलं, तीन वर्षं. नोव्हेंबर ६१५ मध्ये गुरू गेले. चरित्रकार सांगतात, गालुसला ते दृष्टान्तात कळलं. त्याने आधी त्यांच्यासाठी मिस्सा केली, मग खात्री करायला माणूस बोब्बिओला धाडला. तो पत्र आणि गुरूंची काठी घेऊन परतला. मरताना म्हणाले होते, ही गालुसला द्या.

हिंडफिरी:
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "आधी कपाळाला हात लावून बघायचा होता."