मुलांनी एकट्याने वाचायची पुस्तकं आणि सोबत बसून वाचायची पुस्तकं: निवड कशी करता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोठा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. धाकटी सहा वर्षांची, पहिलीत. दोघांनाही गोष्टी ऐकायला मनापासून आवडतं. प्रश्न आहे तो मोठ्याला ऐकून जे कळतं आणि स्वतः वाचताना जे झेपतं, त्यातल्या अंतराचा. मी वाचून दाखवते तेव्हा जाडजूड कादंबरीही त्याला पुरत नाही. अमुक पात्र खोटं बोलतंय हे तो माझ्या आधी ओळखतो. पण त्याच्या वाचनाला साजेसं पुस्तक हातात दिलं की दोन पानं उलटून "हे लहान बाळांचं आहे" म्हणतो. आणि त्याच्या समजेला साजेसं दिलं, तर मजकुराच्या गर्दीतच अडकतो.

हे अंतर असणं स्वाभाविक आहे, हे मला माहीत आहे. 1986 मध्ये गफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं होतं: छापलेले शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे दोन्हीपैकी एक बाजू लंगडी असेल तर वाचून अर्थ हाती लागत नाही. माझ्या मुलाची दुसरी बाजू भक्कम आहे, पहिली अजून तयार होतेय. म्हणून मी घरात पुस्तकांचे सरळ दोन गठ्ठे केलेत. एक त्याने एकट्याने वाचायचा, दुसरा आपण मिळून वाचायचा. दुसरा गठ्ठा निवडणं सोपं आहे, तिथे भाषा कितीही अवघड असली तरी चालते, कारण अडलेला शब्द मी चालता चालता सांगू शकते. पहिल्या गठ्ठ्यापाशी मात्र माझं घोडं अडलंय.

तो वाचत असताना मी शेजारी बसून नीट पाहिलं. "आश्चर्य"सारखा शब्द आला की श्च वर थबकतो, मग रफारावर पुन्हा थबकतो, आणि तोवर वाक्याचं सुरुवातीचं टोक हातून सुटलेलं असतं. ओळीच्या शेवटी शब्द तोडून छोटी रेघ दिलेली असेल तर पुढच्या ओळीवरचा उरलेला तुकडा त्याला नवा शब्द वाटतो. ओळी खेटून छापलेल्या असतील तर खालची ओळ तो तळहाताने झाकून घेतो. हे सगळं पाहिल्यावर वाटतं की पाठीमागे छापलेला वयोगट जवळपास बिनकामाचा आहे. अक्षराचा आकार, दोन ओळींमधली मोकळी जागा, ओळीची लांबी आणि जोडाक्षरांची दाटी या गोष्टी मी आता आधी पाहते, गोष्ट नंतर.

पाच बोटांची युक्ती अनेकांना माहीत असेल: मधलंच एक पान उघडायचं, मुलाने वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाचही बोटं संपली तर ते पुस्तक एकट्यासाठी अवघड. एमेट बेट्स या वाचनाच्या अभ्यासकांनी 1946 मध्ये याहून कडक मोजमाप दिलं होतं: मुलाला एकट्याने वाचायचं असेल तर शंभरातले 99 शब्द बिनचूक यायला हवेत, मोठ्यांची मदत असेल तर 95 पुरेत, आणि नव्वदीच्या खाली गेलं की नुसता वैताग. हे दोन्ही हिशेब इंग्रजीसाठी बसवलेले आहेत. मराठीत "झाडाखालच्यांनासुद्धा" हा एकच शब्द, पण वाचणाऱ्या मुलासाठी ते चार-पाच तुकडे असतात. त्यामुळे आपल्या पुस्तकांना बोटं कशी मोजायची? कोणी मराठी वाचणाऱ्या मुलांबरोबर हे करून पाहिलं असेल तर तुमचा अनुभव मला खरंच हवाय. प्राथमिकच्या शिक्षकांनी जरूर लिहावं.

सध्या आधार आहे तो प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाचा. तिथे गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत, पहिली पातळी अडीचशे शब्दांच्या आतली, दुसरी सहाशेपर्यंतची. मराठीतही भरपूर आहे आणि फुकट वाचता येतं. धाकटीसाठी पहिली पातळी उत्तम चालते. मोठ्याला दुसरी वाचता येते, पण त्याला जे गूढ, साहस, थोडी भीती हवी असते ती इतक्या कमी शब्दांत क्वचित सापडते. "किशोर" मासिकाचे जुने अंक मी स्वतः वाचून दाखवते. त्यातले छोटे माहितीपर लेख तो नंतर एकटा पुन्हा काढून बसतो, कारण काय लिहिलंय ते आधी ऐकलेलं असतं. ही वाट मला फार मोलाची वाटते. आधी ऐकलेलं पुस्तक एकट्याने वाचणं म्हणजे फसवणूक नव्हे. तेच ते पुस्तक पुन्हा काढलं म्हणून टोकू नये, असं माझं ठाम मत आहे, कारण वाचनाला वेग त्यातूनच येतो.

चित्रकथांबद्दलही तेच. आमच्याकडे काही वडीलधाऱ्यांना ते "खरं वाचन" वाटत नाही. पण फुग्यातली दोन वाक्यं आणि बाकीचा अर्थ चित्रातून, हे अशा मुलासाठी अगदी योग्य माप आहे. किडे, यंत्रं, अंतराळ यांवरची माहितीची पुस्तकं तो मधूनच उघडतो, चित्राखालच्या ओळी वाचतो आणि मिटतो. मी ते वाचनातच धरते.

धाकटी मात्र चित्रंच वाचते. एका पुस्तकात प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक मांजर लपलेलं होतं, मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. ते तिने शोधलं, आणि मोठ्याने पुस्तक पहिल्यापासून पुन्हा पाहायला घेतलं. दोघांना एकत्र घेऊन वाचायला अशी पुस्तकं हवी आहेत, ज्यात दोन वयांना दोन वेगळ्या गोष्टी सापडतील. बिनशब्दांची चित्रपुस्तकं कोणाला ठाऊक असतील तर तीही सांगा, मोठा तिला त्यावरून गोष्ट रचून सांगेल.

आणखी एक शंका. सोबत वाचताना आम्ही एक पान मी, एक पान तो असं करतो. गोष्ट रंगात आली की त्याला स्वतःचं पान नकोसं होतं, कारण वेग मंदावतो. अशा वेळी पुढचं पान मीच वाचून टाकावं, की थांबून त्याला वाचू द्यावं? मला वाटतं गोष्टीची ओढ टिकणं जास्त महत्त्वाचं, म्हणून मी वाचते. पण मग त्याच्या वाट्याला सराव कमी येतो. काही पालक रंगतदार जागी मुद्दाम पुस्तक मिटून मुलाच्या उशाशी ठेवतात म्हणे. तसं केल्यावर मूल खरंच पुढचं स्वतः वाचतं, की नुसतं हिरमुसतं?

पुस्तकं सुचवताना नुसतं नाव देऊ नका ही विनंती. मूल केवढं होतं, एकट्याने वाचलं की सोबत, पानावर साधारण किती ओळी आहेत आणि अक्षर केवढं आहे, एवढं लिहिलंत तर फार मदत होईल. मोठ्यासाठी हवंय ते आशयाने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शोभेल असं, प्रकरणं दोन-तीन पानांची, आणि मजकूर सुटसुटीत. मराठीत मूळ लिहिलेलं असेल तर उत्तम, चांगला अनुवादही चालेल.